आवक-जावक आणि इनबॉक्स

ई-मेल हे वरदान की डोकेदुखी, हा आम्हा आयटीवाल्यांचा जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मेल नसता तर पुण्यात बसून अमेरिकेचं काम कसं केलं असतं? दुसरा म्हणतो, सकाळी इनबॉक्स उघडला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोच उपसत बसायचं, खरं काम कधी करायचं? दोघांचंही बरोबर आहे. पण मला वाटतं, दोघंही वेगाबद्दल आणि संख्येबद्दलच भांडतात. एक साधा प्रश्न राहून जातो: मेल पोहोचला, मग ते काम नक्की कुणाचं झालं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरला गेलं तरी पुरे. २००५-०६ च्या सुमारास या एका तालुक्यातून एकाच विषयाचे कागद दोन वेगळ्या वाटांनी बाहेर पडत होते. एक वाट ई-मेलची, दुसरी तहसील कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीची. दोन्ही वाटांनी काय साधलं आणि काय नाही, हे पाहिलं की ई-मेलचे फायदे-तोटे जितके स्पष्ट दिसतात तितके कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात दिसत नाहीत.

आधी केळापूरची ओळख. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर (आधीचा सात नंबर, आताचा चव्वेचाळीस) पांढरकवडा लागतं. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. केळापूर हे जवळचं गाव, जगदंबेच्या देवळासाठी प्रसिद्ध. म्हणजे आमच्या भाषेत आयडी एक आणि डिस्प्ले नेम दुसरं! :-) मुलूख कापसाचा, बाजूला टिपेश्वरचं अभयारण्य, आदिवासी वस्ती बरीच. इंग्रजी अमदानीत हा तालुका वऱ्हाडातल्या 'वणी' जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं.

आता नोंदवही. माझे एक मामा त्याच भागात महसूल खात्यात अव्वल कारकून होते. त्यांचं एक वाक्य घरात म्हणीसारखं झालं होतं. कुणी म्हणालं, "अर्ज देऊन आलो," की मामा विचारायचे, "नंबर पडला का? नाई पडला तं कागद आलाच नाई समज." आवक नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख, कुणाकडून आला, विषय काय आणि कोणत्या टेबलाला दिला, एवढे रकाने. त्यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. 'कोणत्या टेबलाला' हे लिहिलं की तो कागद एका माणसाच्या गळ्यात पडला. उद्या साहेबांनी विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायचं.

ही अक्कल साहेबानेच शिकवली असं समजायचं कारण नाही. पेशवे दफ्तरातल्या पत्रांवर पत्र कधी मिळालं ती तारीख वेगळी टिपलेली असते. तिला पैवस्तगी म्हणत, आणि छापील पत्रसंग्रहांत ती 'पौ' अशा संक्षेपाने दिसते. पत्र लिहिलं कधी आणि हाती आलं कधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या कारकुनांना पक्कं ठाऊक होतं. जासूद वाटेत पंधरा दिवस अडकला तर दोष कुणाचा, हे त्यावरून ठरे.

पुढे महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठे पद्धत' रुळली. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: ज्यावर अजून काम करायचंय ते, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारे म्हणजे प्रतीक्षाधीन, ठरावीक मुदतीला पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि शेवटी नष्ट करायचे. ठेवायचं किती दिवस, त्याचेही वर्ग ठरलेले. 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'क-१' पाच वर्षं आणि 'ड' एक वर्ष. आमच्याकडे इनबॉक्स कसा आवरावा यावर परदेशी गुरूंची पुस्तकं दोन-दोनदा वाचणारे लोक आहेत. मामांना त्यातलं निम्मं नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं! सगळीकडे ही पद्धत पाळली जायची असं मात्र नाही. धूळ खात पडलेले गठ्ठे कुणी पाहिले नाहीत? पण निदान कसं असायला हवं ते लिहून ठेवलेलं होतं.

या पद्धतीचा पाया, गंमत म्हणजे, खर्चात होता. निरोप पाठवायला काहीतरी खर्च यायचा, म्हणून पाठवणारा विचार करायचा. वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. आता लिव्हरपूलचा व्यापारी तारेने वऱ्हाडातला कापूस मागवू शकत होता, आणि माल दीड महिन्याच्या आसपास त्याच्या बंदरात पोचत होता. पण तारेचे पैसे शब्दागणिक. म्हणून तार करणारा दहा वेळा विचार करून चार शब्दांत मजकूर बसवायचा. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर ही काटकसर तिच्या अंगात होती.

तेच 'सीसी'चं. हे कार्बन कॉपीचं लघुरूप, हे आता नव्या मुलांना सांगावं लागतं. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून किती प्रती निघणार? चार-पाचनंतर अक्षर पुसट. म्हणजे कुणाला प्रत द्यायची हे निवडावंच लागायचं. शिवाय सरकारी पत्राच्या तळाशी नुसतं 'प्रत' लिहून भागत नसे. एकाला 'माहितीसाठी सविनय सादर', तर दुसऱ्याला 'पुढील उचित कार्यवाहीसाठी'. कुणी फक्त वाचायचं आणि कुणी हलायचं, हे पत्रातच लिहिलेलं.

१९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सनने दोन वेगळ्या यंत्रांमध्ये पहिला नेटवर्क ई-मेल पाठवला आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ते प्रसिद्ध '@' घातलं. सात वर्षांत, म्हणजे मे १९७८ मध्ये, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने जवळपास चारशे जणांना एकाच वेळी जाहिरातीचा मेल पाठवला. स्पॅमचा श्रीगणेशा! म्हणजे पाठवणाऱ्याचा खर्च शून्यावर आला की काय होणार, हे तेव्हाच दिसलं होतं. आपल्याकडे १९८६ पासून अर्नेटच्या प्रकल्पातून शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था जोडल्या जाऊ लागल्या, आणि १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पुढची दहा वर्षं सायबर कॅफेंची. तालुक्याच्या गावीही तासाच्या भाड्याने मेल करता येऊ लागला.

इथे आपण पुन्हा केळापूरला येतो.

त्या वर्षांत विदर्भातला कापूस उत्पादक शेतकरी कर्जात बुडत होता आणि आत्महत्यांच्या बातम्या थांबत नव्हत्या. पांढरकवड्याहून विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी या मृत्यूंची नोंद ठेवत, आणि त्याची पत्रकं ई-मेलने नागपूर-मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांकडे पाठवत. त्यातल्या कुणी हे मेल मागितले नव्हते. आजच्या एखाद्या कॉर्पोरेट माणसाने ते 'अनवॉन्टेड'मध्ये टाकले असते. पण एका तालुक्याच्या गावाला जिल्हा, विभाग, मंत्रालय अशा पायऱ्या न चढता थेट राजधानीतल्या वार्ताहराच्या टेबलावर पोचता येत होतं. यात एकट्या ई-मेलचं श्रेय नाही. गावोगाव फिरणारे पत्रकार होते, पी. साईनाथ यांच्यासारख्यांचं सातत्याने लिहिणं होतं, कोर्टातल्या याचिका होत्या. पण विषय रोजच्या रोज डोळ्यांसमोर राहिला, यात या स्वस्त साधनाचा वाटा आहेच. २००६ च्या जून अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. यवतमाळ त्यातलाच एक.

आता दुसरी वाट. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारकडून एक लाख रुपयांची मदत ठरली होती: तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी गावात पंचनामा, तलाठ्याचा अहवाल (तलाठ्याचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय), तहसीलदारांचा प्रस्ताव, आणि मग यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे निर्णय. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? या कसोट्यांवर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शिक्का. ज्याने बिगरपरवाना सावकाराकडून पैसे घेतले, किंवा ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याचं घर बहुधा 'अपात्र'मध्ये जायचं. म्हणूनच कार्यकर्त्यांचा आकडा आणि सरकारी आकडा कधी जुळत नसे.

या दोन वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघा. ई-मेल दिल्लीला पाच मिनिटांत पोचला, पण त्या घरातल्या बाईच्या हातात त्याने एक रुपया ठेवला नाही. तो त्याच्या हातातच नव्हता. नोंदवहीने वेळ लावला, अडवलं, अनेकांना नाकारलंही, पण ज्यांना पैसे मिळाले ते नोंदवहीच्याच वाटेने मिळाले. कारण तिथे प्रकरणाला क्रमांक होता, ते कुणाच्या तरी टेबलावर होतं, आणि 'माझ्या प्रकरणाचं काय झालं?' असं कुणाला विचारायचं ते ठाऊक होतं. उलट नोंदवहीत जे बसत नव्हतं ते तिच्या लेखी घडलंच नव्हतं. ते जगाला सांगायला ई-मेलच लागला.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. ई-मेल दार ओलांडायला उत्तम, पण दाराच्या आतल्या माणसाला उत्तर द्यायला भाग पाडणं त्याला जमत नाही. ते काम नोंदवहीचं. आपण कचेऱ्यांत एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलो, आणि तिथेच घोटाळा झाला.

आमच्याकडचा एक किस्सा. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे एका क्लायंटचं पगाराचं काम रात्री चालायचं. एका शुक्रवारी संध्याकाळी ते अडकल्याचा मेल ग्रुप आयडीवर आला. ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं. चाळिसांनी वाचला, चाळिसांना वाटलं उरलेल्या एकोणचाळिसांपैकी कुणीतरी बघत असेल. सोमवारी क्लायंटचा फोन आला तेव्हा कळलं की कुणीच बघितलं नव्हतं. तिकडे कितीतरी लोकांचा पगार दोन दिवस उशिरा झाला. मग वरून फर्मान निघालं: यापुढे असे मेल मॅनेजर मंडळींनाही सीसी करावेत! म्हणजे चाळिसाचे पन्नास झाले. खरा उपाय पुढे सहा महिन्यांनी आला. प्रत्येक तक्रारीचं तिकीट, तिकिटाला नंबर, आणि 'असाइन टू'मध्ये एकच नाव. मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हंजे आवक रजिस्टर काढलं म्हना की तुमी!"

कायद्यानेही ही फट बुजवलेली नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक कागदाला कायदेशीर मान्यता मिळाली. त्यात संदेश 'मिळाला' केव्हा म्हणायचं तेही लिहिलंय. समोरच्याने ठरवून दिलेल्या संगणक यंत्रणेत तो शिरला की मिळाला. माणसाने उघडला का, वाचला का, हा वेगळा प्रश्न. पैवस्तगी लिहिणारा कारकून निदान पत्र हातात धरून तारीख लिहायचा. इथे यंत्रच तारीख टाकून मोकळं होतं.

मराठी कचेऱ्यांची आणखी एक अडचण होती, ती म्हणजे फॉन्ट. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बराच काळ मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या आपापल्या फॉन्टांत टाइप व्हायचा. एकीकडचा मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी होती, पण टेबलावर यायला वर्षं गेली. म्हणून मग जुगाड असा: पत्र टाइप करा, छापा, सही-शिक्का घ्या, स्कॅन करा, मेलला जोडा. पलीकडचा ते पुन्हा छापणार आणि आवक क्रमांक टाकून फायलीला लावणार. लोक यावर विनोद करतात. मला त्यात शहाणपणही दिसतं. ई-मेलला त्यांनी टपालवाला मानलं, आणि फाइल म्हणजे फाइलच ठेवली.

महाराष्ट्रात पुढे जे बरे कायदे लागू झाले ते बघा, सगळे याच धाग्याचे आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यासंबंधीच्या २००५ च्या अधिनियमात म्हटलंय की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडून राहू नये. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला: अर्ज दिला की तीस दिवसांत उत्तर. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला: अर्जाची पोच, अर्जाला क्रमांक, सेवेला ठरलेली मुदत, नाही मिळाली तर अपील आणि दोषी अधिकाऱ्याला दंड. या तिन्हींत 'लवकर कळवा' एवढंच नाही, तर कागद कुणाकडे आहे आणि किती दिवसांत सुटायला हवा, हेही आहे.

कागदाचीच पूजा करावी असं मात्र मी म्हणत नाहीये. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. त्यात माणसं गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. एकच प्रत असलेली नोंदवही किती दुबळी असते ते त्या दिवशी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर ई-ऑफिसला जोर आला. ई-ऑफिस म्हणजे ई-मेल नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. त्यात फाइलला क्रमांक असतो आणि ती आत्ता कुणाच्या टेबलावर, म्हणजे कुणाच्या लॉगिनमध्ये आहे, ते दिसतं. आवक-जावकचाच तो नवा जन्म.

मग ऑफिसात ई-मेल कसा वापरावा? माझ्यापुरते तीन नियम. एक, मेलमध्ये काम सांगायचं असेल तर 'टू'मध्ये एकच नाव. बाकीचे 'माहितीसाठी', आणि तसं लिहून. दोन, ज्याला तारीख नाही ते काम नव्हे, ती गप्पा. तीन, दुसऱ्याच्या पोटापाण्याशी संबंध असलेली गोष्ट, म्हणजे पगार, बिल, अर्ज, तक्रार, इनबॉक्सच्या भरवशावर कधीच सोडायची नाही. तिला नंबर पाडायचा. आणि उलट बाजूने, जिथे दार बंद आहे, पायऱ्या दहा आहेत आणि खालच्या माणसाचं वरपर्यंत पोचत नाही, तिथे न मागितलेला मेल खुशाल पाठवायचा. तिथे तो उपद्रव नसून हक्क आहे.

आता तर कचेऱ्यांतला ई-मेलही मागे पडतोय. आदेश, फोटो, अहवाल, सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिथे विषयाची ओळसुद्धा नाही, संध्याकाळपर्यंत शंभर 'गुड मॉर्निंग'खाली आदेश गाडला जातो, आणि दोन निळ्या खुणा दिसल्या की सगळे समजतात काम झालं. सुट्टीच्या दिवशीही सुटका नाही. कामाच्या वेळेनंतर फोन-मेल नाकारण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

असो. लेख लांबला. पण उद्या तुमच्या ऑफिसात एखादं नवीन, चकचकीत, आणखी वेगवान साधन आलं, तर त्याचा वेग बघण्याआधी मामांचा प्रश्न विचारून बघा. नंबर पडतो का? आणि पडला तर, कुणाच्या टेबलावर?